सूक्ष्म जीवांची कुळे : ओळख आणि जयणा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी भुंगेरे, ढेकूण आणि कोळी हा विषय निवडला गेला याचे काहींना नवल वाटले असेल. हा तर प्राणिशास्त्राच्या वर्गातला विषय, त्याचा व्यापारी-नोकरदार समाजाशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला तर ज्या समाजाने जीवरक्षणाला आपल्या आचाराच्या केंद्रस्थानी ठेवले, त्या समाजाशी या विषयाचा जेवढा संबंध आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणाशी असेल.

'किडा' हा एकच शब्द आपल्याला जन्मभर पुरतो. तांदळात दिसला तो किडा, दिव्यावर झेपावला तो किडा, धानाच्या बांधीत उडाला तोही किडा. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी, धान्य निवडताना सापडलेला जीव अलगद बाजूला ठेवणारी मंडळी आपल्या घराघरांत आहेत. मात्र तो जीव कोणता, तो तेथे कसा आला, काय खातो, आणि बाजूला ठेवल्यानंतर तो जगेल की मरेल, हे विचारले तर बहुतेकांजवळ उत्तर नसते. करुणा आहे, पण ओळख नाही. ज्याची ओळख नाही त्याचे रक्षण अंदाजाने करावे लागते, आणि अंदाज चुकला की जीव जातो. म्हणून ओळखीला जयणेची पहिली पायरी मानावे, एवढेच या विवेचनाचे सूत्र आहे.

गणतीच्या दोन रीती

जीवांची वर्गवारी ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांच्या संख्येवरून जीवांचे भेद सांगितले आहेत. शांतिसूरींच्या 'जीवविचार प्रकरणा'च्या अवघ्या ५१ गाथांत शंख, कवडी, जळू, कृमी हे द्वींद्रिय; गोम, ऊ, मुंगी, वाळवी हे त्रींद्रिय; विंचू, भ्रमर, माशी, डास हे चतुरिंद्रिय, अशी नावानिशी गणना येते. ज्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता त्या काळी एवढ्या लहान जीवांची नावे घेऊन त्यांची मांडणी करावीशी वाटली, हीच मोठी गोष्ट आहे.

आधुनिक प्राणिशास्त्राची रीत वेगळी आहे. त्या जीवाची शरीररचना कशी आहे आणि त्याचे पूर्वज कोण, हा तेथील प्रश्न. दोन्ही रीतींचे प्रश्न वेगळे असल्याने उत्तरेही वेगळी येतात. त्यांची ओढून-ताणून सांगड घालण्याचे कारण नाही. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ केली. त्यानंतर जातींची संख्या एवढी वाढली की नुसती नावे लक्षात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा सारख्या ठेवणीच्या प्रजाती एकत्र करून त्यांची 'कुळे' मांडण्याची कल्पना पुढे आली. प्राण्यांच्या प्रत्येक कुळाचे शास्त्रीय नाव 'इडी' या अक्षरांनी संपते, त्यामुळे ते नाव ऐकताच कूळ कळते. आडनावावरून घराण्याचा अंदाज यावा, तसाच हा प्रकार.

कीटकांच्या कुळांची पद्धतशीर मांडणी करण्याचे श्रेय फ्रान्सच्या पिएर आंद्रे लात्रेय यांना जाते. त्यांची कथा या सभेत सांगण्यासारखी आहे. ते धर्मगुरू होते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ मध्ये त्यांना अटक झाली आणि बोर्दो येथील तुरुंगात त्यांची रवानगी झाली. पुढे हद्दपारी ठरलेली होती. तेथे तपासणीस आलेल्या वैद्याला हा बंदी फरशीवरचा एक भुंगेरा निरखताना दिसला. तो दुर्मीळ असल्याचे लात्रेय यांनी सांगितले. वैद्याने तो भुंगेरा कीटकांचा छंद असलेल्या आपल्या ओळखीच्या एका मुलाकडे नेला. त्या मुलाने लात्रेय यांचे नाव ऐकले होते. त्याच्या खटपटीने त्यांची सुटका झाली. त्यांच्या बरोबरचे बहुतेक बंदी मात्र दगावले. त्या भुंगेऱ्याचे नाव, आपला त्राता म्हणून, पुढे त्यांच्या समाधीवर कोरले गेले. एका क्षुद्र मानलेल्या जीवाची अचूक ओळख एका माणसाच्या प्राणांवर बेतलेले संकट टाळून गेली, आणि वाचलेल्या त्या माणसाने जगाला कुळे ओळखण्याची रीत दिली.

पहिली खूण : पाय मोजावेत

कूळ ओळखण्यास महागडी साधने लागत नाहीत. पहिले काम पाय मोजण्याचे. सहा पाय असतील तर तो कीटक. आठ असतील तर तो अष्टपाद वर्गातला : कोळी, विंचू, गोचीड, कोळीटक हे सारे त्या वर्गाचे. शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असेल तर ती गोम, आणि बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या असतील तर तो वाणी, ज्याला काही भागांत पैसा म्हणतात. गोम चपळ व शिकारी, तर वाणी संथ व पालापाचोळा खाणारा. वाणी चावत नाही. भ्यायला की वेटोळे करून पडतो. तरीही गोमेच्या धाकाने माणसे वाण्यालाच ठेचतात.

आता मृगाच्या किड्याचे पाहू. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर लाल मखमलीच्या ठिपक्यासारखा जो जीव फिरताना दिसतो, त्याला सारे 'किडा' म्हणतात. पण पाय मोजले तर आठ भरतात. तो कीटक नाही, कोळ्यांचा दूरचा भाऊबंद आहे. त्याचे कूळ ट्रॉम्बिडिइडी. तो माणसाला कसलाही उपद्रव देत नाही, जमिनीतील कीटकांची अंडी खातो, आणि वर्षातले थोडेच दिवस वर येतो. औषधासाठी म्हणून त्याला गोळा करून वाळवून विकण्याचा व्यापारही मध्य भारतात चालतो, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच्या अगदी जवळचे दुसरे कूळ आहे ट्रॉम्बिक्युलिडी. नावात दोन-तीन अक्षरांचाच फरक. परंतु या दुसऱ्या कुळातील काहींची डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले गवत-झुडपांतून माणसाच्या अंगावर चढतात आणि त्यांच्या दंशातून स्क्रब टायफस हा ताप होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व परिसरात या तापाचे अनेक रुग्ण आढळले आणि काही दगावलेही. दंशाच्या जागी काळी खपली धरणे ही त्याची एक महत्त्वाची खूण. वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होणारा हा आजार आहे. गंमत अशी की या पिल्लांना पाय सहाच असतात, आठ नंतर येतात. म्हणजे पाय मोजण्याच्या नियमालाही अपवाद आहेत. नियम शिकताना ते ध्यानात ठेवावे लागतात.

दुसरी खूण : पंख आणि तोंड

सहा पायांच्या मंडळींत सर्वांत मोठा पसारा भुंगेऱ्यांचा. त्यांच्या सुमारे ४ लाख जातींची आजवर नोंद झाली आहे. ज्ञात प्राणिजातींत दर चारांपैकी एक भुंगेरा निघतो. त्याचे पुढचे पंख कठीण कवच होऊन पाठीवर बसलेले असतात आणि त्यांची कड पाठीच्या मधोमध सरळ रेषेत जुळते, जशी सदऱ्याची पुढची पट्टी जुळावी. उडण्याचे खरे पंख त्याखाली घडी करून ठेवलेले असतात. त्याचे तोंड चावणारे असते. बाल्यावस्थेत तो अळीच्या रूपात असतो, मग कोषात जातो आणि नंतर भुंगेरा होतो.

ढेकूण वर्गाची गोष्ट निराळी. येथे ढेकूण म्हणजे केवळ खाटेतला नव्हे. तुडतुडे, मावा, पिठ्या ढेकूण, कापसावरचे लाल ढेकूण, पळसावर लाख करणारा लाखेचा किडा, हे सारे या वर्गाचे. यांना चावता येत नाही. सुईसारखी सोंड खुपसून रस शोषणे एवढेच यांना जमते. अनेकांचे पुढचे पंख अर्धे चामड्यासारखे आणि अर्धे पारदर्शक असतात व पाठीवर एकमेकांवर चढून फुलीसारखी खूण करतात. यांची पिल्ले अळीसारखी नसून आईबापांच्याच रूपाची, फक्त बिनपंखी असतात.

आपला जिल्हा तलावांचा. काठावर बसून पाण्याकडे पाहिले तरी हा फरक कळतो. लांब पायांवर पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाणारा जीव ढेकूण वर्गातील गेरिडी कुळाचा. त्याच पाण्यावर गोल गोल गिरक्या घेणारे काळे चकचकीत ठिपके मात्र जायरिनिडी कुळातले भुंगेरे. आणि पाठीवर अंड्यांचा गठ्ठा चिकटवून फिरणारा चपटा पाणढेकूण दिसला तर तो बाप असतो, आई नव्हे. बेलोस्टोमॅटिडी कुळातील अनेक जातींत मादी नराच्या पाठीवर अंडी घालते आणि ती फुटेपर्यंत नरच त्यांना जपतो.

भुंगेऱ्याचे पाठीवरचे कवच किती टिकाऊ असते याचा पुरावा आपल्या जवळच सापडला आहे. ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय उभे आहे, ते स्टीफन हिस्लॉप भूगर्भाचेही अभ्यासक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरनजीक टाकळी येथे, लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकात त्यांना इतर जीवाश्मांसोबत भुंगेऱ्यांची पंखकवचे मिळाली. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या पंखांवरूनही त्यांची गणना भुंगेऱ्यांत करता आली. ज्याला आपण क्षणात चिरडतो त्याचे घराणे एवढे जुने आहे.

घरातील आणि दुकानातील कुळे

आता घरात येऊ. तांदळात सापडतो तो सोंडा. डोक्यापुढे लांब सोंड, हीच त्याच्या कर्क्युलिओनिडी कुळाची खूण. मादी सोंडेने दाण्याला छिद्र पाडते, आत एक अंडे घालते आणि छिद्र बुजवते. अळी आतच वाढते. सोंडा दिसला तेव्हा दाणा आतून पोखरून झालेला असतो.

पिठात, रव्यात दिसणारा तांबूस, चपटा भुंगेरा टेनेब्रिओनिडी कुळाचा. अखंड, निरोगी दाणा त्याला फोडता येत नाही. पीठ, कणी आणि चुरा यांवर त्याची वाढ होते. हरभरा-मुगाला गोल भोके पाडणारा गुटगुटीत भुंगेरा क्रायसोमेलिडी कुळाचा. त्याची अंडी अखंड दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली दिसतात. भरडून केलेल्या डाळीत त्याचे तितकेसे जमत नाही.

ही माहिती कशासाठी? तर जीव पडल्यानंतर मारावे की सोडावे, या पेचात पडण्याऐवजी जीव पडूच नये, यासाठी. तांदळातली कणी आणि चुरा काढून टाकला तर पिठातल्या भुंगेऱ्याला थारा उरत नाही. कडधान्य पावसाळ्यापूर्वी उन्हात खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले, किंवा वेळीच भरडून घेतले, तर त्या भुंगेऱ्याची पुढची पिढी तेथे जन्मत नाही. धान्याचा ओलावा जितका कमी तितकी या सर्वांची वाढ कमी. हे सारे आपल्या आजी-पणजींना ठाऊक होते. कोणत्या कुळाला कोणता उपाय लागू पडतो एवढीच त्यात शास्त्राने भर घातली. याउलट ओळख न करता साठवणीच्या खोलीत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या जातात. त्यातून निघणारा वायू भुंगेऱ्यांप्रमाणेच शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचेही प्राण घेऊ शकतो.

कापडाच्या दुकानातही कुळांचा परिचय उपयोगी पडतो. लोकरीच्या शालीला किंवा रेशमी वस्त्राला भोके पडली तर संशय डर्मेस्टिडी कुळातील भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्यांवर किंवा टिनिइडी कुळातील कपड्याच्या पतंगांच्या अळ्यांवर घ्यावा. त्यांना प्राणिज धागा हवा असतो. सुती कापडाची खळ आणि वहीखात्यांचा कागद कुरतडणारा, रुपेरी, बिनपंखी जीव म्हणजे लेपिझ्मॅटिडी कुळातली कसर. तिला पिष्टमय पदार्थ आणि दमट अंधार हवा असतो. एकाला घामाच्या डागांसह ठेवलेले लोकरी कपडे आमंत्रण देतात, दुसरीला ओल आलेली भिंत. स्वच्छ करून ठेवणे हा पहिल्यावरचा उपाय आणि ओल काढणे हा दुसरीवरचा. दोन्हींत हत्या नाही.

धानाच्या बांधीत

भंडारा जिल्ह्याचे पोट धानावर आहे. राइस मिल असो, किराणा असो की कापड, धान पिकले तर बाजारपेठ चालते. म्हणून बांधीत काय घडते याच्याशी व्यापाऱ्याचाही संबंध आहे.

धानाला पीडा देणाऱ्यांत तीन नावे प्रामुख्याने येतात. गादमाशी ही सेसिडोमायिडी कुळातली डासासारखी नाजूक माशी. तिची अळी फुटव्याच्या आत राहते आणि लोंबीऐवजी चंदेरी पोंगा बाहेर येतो. खोडकिडा ही पतंगाची अळी. आणि तपकिरी तुडतुडा हा डेल्फॅसिडी कुळातला ढेकूण. मागच्या पायावरची हलणारी आर ही त्या कुळाची खूण. तो धानाच्या बुंध्याशी बसून रस शोषतो आणि बांधीत जळल्यासारखे वाळलेले गोल पट्टे दिसू लागतात.

पण त्याच बांधीत दुसरीही कुळे नांदतात. मिरिडी कुळातला लहानसा हिरवा ढेकूण तुडतुड्यांची अंडी शोषतो. कॉक्सिनेलिडी कुळातले ठिपकेदार ढालकिडे, कॅरॅबिडी कुळातले चपळ भुंगेरे, चतुर आणि टाचण्या शिकार करतात. लायकोसिडी कुळातले कोळी जाळे विणत नाहीत, बुंध्यांमधून धावत भक्ष्य पकडतात. त्यांतील धानात नेहमी आढळणारा एक कोळी दिवसाला पाच ते पंधरा भक्ष्ये घेतो, असे भातसंशोधकांनी नोंदवले आहे. रोवणीपासून कापणीपर्यंत तो पगार मागत नाही.

फवारणी झाली की हे सारे आधी मरतात, कारण ते उघड्यावर हिंडतात. तुडतुड्याची अंडी मात्र पानाच्या आवरणाच्या आत सुरक्षित असतात. काही दिवसांनी ती फुटतात, तेव्हा पिल्लांना खाणारे कोणीही उरलेले नसते. मग तुडतुडा पूर्वीपेक्षा अधिक वाढतो, आणि शेतकरी आणखी फवारतो. ही कल्पना नव्हे. इंडोनेशियात हेच घडले. तेथील भातशेती तुडतुड्यांनी संकटात आल्यावर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी केली आणि शेतकऱ्यांना बांधीतले मित्र-शत्रू ओळखण्याचे शिक्षण देण्याची मोहीम हाती घेतली. फवारणी घटली, तरी भाताचे उत्पादन घटले नाही.

आपल्या विदर्भाने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. विष कुळ पाहून मारत नाही. त्याच्या वाटेत माणूस आला तर तोही सुटत नाही.

येथे एका भुंगेऱ्याचा उल्लेख अवश्य करावयास हवा. स्टॅफिलिनिडी कुळातले भुंगेरे लांबट असतात आणि त्यांची पंखकवचे इतकी आखूड की निम्म्याहून अधिक पोट उघडे राहते. त्यांतला केशरी-काळा पेडेरस धानातील तुडतुड्यांची शिकार करतो. रात्री दिव्याला येतो आणि अंगावर बसतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. परंतु कोणी त्याला त्वचेवर चिरडले तर त्याच्या शरीरातील द्रव्याने भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवला तर काहीच होत नाही. अहिंसा पाळणाऱ्याला येथे लगेच फळ मिळते.

कोळ्यांचे डोळे

कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती जगात ज्ञात आहेत. त्यांची कुळे ओळखण्याची उत्तम खूण म्हणजे डोळ्यांची मांडणी. बहुतेकांना आठ डोळे असतात. लायकोसिडी कुळात खाली चार बारीक, त्यावर दोन मोठे आणि त्याहून मागे आणखी दोन. मादी अंड्यांची पिशवी मागे बांधून फिरते आणि पिल्ले निघाली की पाठीवर घेते. साल्टिसिडी कुळातले उड्या मारणारे छोटे कोळी घराच्या भिंतीवर माश्या टिपताना दिसतात. समोरचे दोन टपोरे डोळे पाहिले की ते चुकत नाहीत. चाकासारखे गोल जाळे विणणारे बहुतेक कोळी अरॅनिइडी कुळाचे. थोमिसिडी कुळातला कोळी खेकड्यासारखा तिरका चालतो आणि फुलात दबा धरून बसतो. घराच्या कोपऱ्यात धाग्यासारखे लांब पाय पसरणारा फोल्सिडी कुळाचा, आणि रात्री भिंतीवर तळहाताएवढा पसरलेला चपटा कोळी स्पॅरॅसिडी कुळाचा. या शेवटच्याला पाहून घाबरगुंडी उडते. प्रत्यक्षात तो झुरळे खाऊन घराची सेवा करीत असतो.

पावसाळ्यानंतर नागझिरा-ताडोब्याच्या जंगलांत वाटेवर सोनेरी धाग्यांचे मोठे जाळे आणि त्यात हाताच्या पंजाएवढी मादी दिसते. नर तिच्यापुढे नखाएवढा. या कोळ्याचे कूळ कोणते, स्वतंत्र की अरॅनिइडी, यावर अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत अनेकदा मत बदलले आहे. शास्त्रात कूळ ही अंतिम आज्ञा नसते. पुरावा मिळाला की खाते दुरुस्त करतात.

कोशाचा प्रश्न

भंडाऱ्याच्या कापडपेठेला ज्या जीवाने नाव दिले त्याच्याकडे आता वळू. कोसा, अर्थात टसर. मोहाडी, आंधळगाव, एकोडी या गावांतील कोष्टी समाजाच्या मागांवर विणलेले करवती काठाचे कापड प्रसिद्ध आहे. त्याचा धागा सॅटर्निइडी कुळातल्या पतंगाच्या अळीचा. ऐन आणि अर्जुन या झाडांवर, उघड्या रानात ती वाढते. चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक चंद्रक, ही या पतंगाची खूण. पंख फुटलेल्या पतंगाला कामाचे तोंडच नसते; अळी असताना खाल्लेल्यावरच तो आपले काही दिवसांचे आयुष्य काढतो. अळीने फांदीला देठ बांधून लटकवलेला कठीण कोश म्हणजे आपला कोसा.

अखंड धागा हवा तर कोशातला जीव बाहेर पडण्यापूर्वीच कोश उकळावा किंवा वाफवावा लागतो. म्हणूनच अनेक जैन कुटुंबे रेशीम वापरत नाहीत. परंतु येथेही नीट माहिती हवी. पुढच्या पिढीच्या अंड्यांसाठी राखलेल्या कोशांतून पतंग स्वतः बाहेर येतो. त्याच्या तोंडातून निघणारा पाचक रस कोशाचे टोक मऊ करतो आणि तो वाट काढतो. अशा फुटक्या कोशांपासूनही जाडसर सूत कातता येते. म्हणजे प्रत्येक कोसा वस्त्रामागे उकळलेला जीव असतोच असे नाही. कोणत्या सुतामागे तो आहे, हे विचारणारे गिऱ्हाईक आणि खरे सांगणारा दुकानदार हवा. केवळ 'शुद्ध कोसा' हे शब्द या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. दुसऱ्या बाजूस ऐन-अर्जुनाची झाडे टिकवून कोश घेणाऱ्या ढिवर बांधवांचा आणि विणकरांचा चरितार्थ आहे. प्रश्न सोपा नाही. तो डोळे उघडे ठेवून सोडवावा, एवढेच येथे म्हणता येईल.

याच झाडांवर पेंटाटोमिडी कुळातला ढालीच्या आकाराचा एक ढेकूण टसरच्या अळ्या शोषून मारतो, म्हणून कोसा पाळणारे त्याला शत्रू मानतात. हाच ढेकूण पिकांवर आणि सागावर पाने खाणाऱ्या अळ्या मारतो, तेव्हा त्याला मित्रकीटक म्हणून गौरवतात. त्याचे कूळ बदलले नाही, त्याचे वागणेही बदलले नाही. मित्र-शत्रू या नोंदी माणसाच्या खातेवहीतल्या आहेत.

काय करता येईल

व्यापारी घराण्यांना रोजकीर्द आणि खतावणी नवी नाही. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार जसे घडले तसे लिहावयाचे आणि नंतर ज्याच्या त्याच्या खात्यात चढवावयाचे. जीवांचेही तसेच करता येईल. कोणता जीव, कोठे, कोणत्या तारखेस, कोणत्या झाडावर दिसला. पाय किती, पंख कसे, तोंड चावणारे की शोषणारे. एवढे वहीत लिहावे. मोबाइलने वरून आणि बाजूने छायाचित्र घ्यावे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. पकडून टाचणीला टोचण्याची आवश्यकता नाही. जातीपर्यंत पोहोचण्यास बहुधा सूक्ष्मदर्शक आणि तज्ज्ञ लागतात. कुळापर्यंत मात्र शाळकरी मुलगाही पोहोचू शकतो. कोळ्यांविषयी अधिक जाणून घ्यावयाचे असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर यांचे कार्य पाहावे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

स्थानिक नावेही लिहून घ्यावीत. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील नवेगाव-नागझिऱ्याच्या वनांत नोकरी करताना आदिवासी, ढिवर, गुराखी यांच्या तोंडची पशुपक्ष्यांची नावे टिपून मराठीला दिली. लहान जीवांच्या नावांचे ते काम अजून बरेच बाकी आहे. बांधीत राबणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती नावे ठाऊक आहेत, आणि ती माणसे कमी होत चालली आहेत.

चातुर्मासात साधू-साध्वी एका जागी राहतात ते पावसाळ्यात जमिनीवर जीवांची दाटी होते म्हणून. त्याच चार महिन्यांत पाठशाळेतील मुलांनी आठवड्याला एक कूळ ओळखावयाचे ठरवले तर दिवाळीपर्यंत पंधरा-सोळा कुळे त्यांच्या परिचयाची होतील. ज्या मुलाने कोळिणीच्या पाठीवरची पिल्ले भिंगातून पाहिली, त्याला दिवाळीच्या साफसफाईत रिकामे जाळे कोणते आणि वस्तीचे कोणते हे शिकवावे लागणार नाही. आणि ज्या शेतमालकाने बुंध्याशी वाकून तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजले, तो फवाऱ्याला हात घालण्यापूर्वी क्षणभर थांबेल. त्या थांबण्यात किती जीव वाचतील याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही.



जय जिनेंद्र!